मागच्या भिंतीला खिडकी

कूलामी, न्यू साउथ वेल्स
२१ मार्च २०२२

प्रिय डेस,

मी नोलीन, तुमच्या व्हॅलची मावसबहीण. व्हॅल गेली तेव्हा मला यायला जमलं नाही, त्यामुळे आपली गाठ पडून किती वर्षं झाली ते आता आठवतही नाही. आणि पहिलं पत्र लिहितेय ते तुमच्या कॅरॅव्हॅनमध्ये बसून. फोन पुरात गेला. नवा दिलाय कुणीतरी, पण इथे लागत नाही. पोस्टाची गाडी मात्र येते, म्हणून पत्र.

तुमचा मित्र स्टॅन शुक्रवारी आला. तुमच्याकडून इथपर्यंत दोन दिवस कॅरॅव्हॅन ओढत आला बिचारा, आणि चहासुद्धा घेतला नाही. म्हणजे चहा द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच. आमच्या घराशेजारी रस्त्याकडे जो उंचवटा आहे, तिथे त्यानं ती सरळ उभी केली, चाकांना ठोकळे लावले आणि म्हणाला, "हिचं नाव मेबल. डेसनं सांगितलंय, नावानं हाक मारायची." मला वाटलं चेष्टा करतोय. त्याचा चेहरा बघितला आणि मीही तिला मेबल म्हणाले.

खरं सांगू का, पहिल्या दिवशी मी पायरीवरच बसून राहिले. आतलं ते चकचकीत लाकूड, हिरवी गादी, एकेका कपाटाची पितळी कडी. आणि माझ्या अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल. घरात पाणी छताला लागलं होतं, तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. आता घरात जे आहे त्याला घर म्हणवत नाही.

माझ्या बर्नीचं म्हणाल तर तो सध्या त्याच्या भावाकडे आहे, डोंगरावर. इथे मी एकटीच. त्यामुळे मेबलला फार त्रास होणार नाही.

तुमची उपकृत,
नोलीन


माल्डन, व्हिक्टोरिया
५ एप्रिल २०२२

प्रिय नोलीन,

पत्र पोचलं. मेबल धड पोचली हे स्टॅननं सांगितलं होतं, पण स्टॅन 'सगळं ठीक' म्हणतो तेव्हा मागचा दिवा फुटलेला असतो. तुमच्याकडून कळल्यावर जीव भांड्यात पडला.

आभार मानू नका. आमच्या जुन्या कॅरॅव्हॅनवाल्यांच्या मंडळात लोर्ना म्हणून सेक्रेटरी आहे. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. ती बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आपण मैदानावर जमतो, एकमेकांच्या गाड्यांत डोकी घालून 'वा वा' करतो, आणि घरी गेलो की पुन्हा ताडपत्रीखाली झाकून ठेवतो. तिकडे माणसं तंबूत झोपतायत." सगळे बुटांकडे बघायला लागले. मग मीच हात वर केला. तुम्ही तिकडेच राहता हे मला घरी आल्यावर आठवलं.

आता जरा कामाचं. मेबल १९५७ची, सगळी प्लायवूडची. प्लायवूडला घाम येतो. छताची झडप रोज बोटभर उघडी ठेवा, पाऊस असला तरी. आत तळण करू नका. ओले कपडे आत वाळत घालू नका. भिंतीला खिळा मारायचा मोह झाला तर बाहेर जाऊन चक्कर मारून या. मी तिला आणलं तेव्हा ती एका मेंढपाळाच्या कुरणात होती, तिच्यात कोंबड्या राहत होत्या आणि मागची भिंत हाताला भुसभुशीत लागत होती. ती भिंत आम्ही नवी घातली. तिच्यावरचं पॉलिश व्हॅलच्या हातचं आहे. एक थर, मग घासणं, मग पुन्हा थर. हिवाळेच्या हिवाळे ती तेच करत होती. शेवटचा हिवाळा खुर्चीत बसून केलं.

बर्नी भावाकडे आहे हे एका परीनं बरं. राग मानू नका. व्हॅलच्या साठीला तो आमच्या आधीच्या कॅरॅव्हॅनमधल्या घडीच्या टेबलावर बसला होता. टेबल मोडलं आणि वर मलाच म्हणाला, "डेस, हे लाकडाचं केलंस की बिस्किटाचं?" सगळे हसले. व्हॅलसुद्धा. मी हातात स्क्रू घेऊन उभा होतो.

डेस


कूलामी
१५ मे २०२२

प्रिय डेस,

उत्तराला उशीर झाला. दिवस कुठे जातो ते कळत नाही आणि संध्याकाळी पेन धरवत नाही. घराच्या आतल्या सगळ्या भिंती काढल्या. मी एक एक पत्रा उचकटते, ढकलगाडीत घालते, रस्त्याच्या कडेला नेऊन टाकते. सगळ्या गल्लीचं सामान तसंच बाहेर पडलंय. आधी लोक एकमेकांना विचारायचे, "तुझं काय राहिलं?" आता कुणी विचारत नाही.

पाहणीला साहेब येतो, पाहतो, जातो. मग दुसरा येतो आणि पहिल्यानं काय पाहिलं ते मला विचारतो.

एक गंमत सांगते. जत्रेच्या मैदानावर तुमच्या मंडळाच्या आणखी गाड्या आल्यात. रविवारी तिथे गरम जेवण मिळतं, म्हणून मी जाते. आम्ही बायका रांगेत उभ्या राहून काय बोलतो, तर कुणाची झडप गळते आणि कुणाच्या दाराला फुगवटा आलाय. एकजण म्हणाली, "माझी त्रेपन्नची आहे, तुझी कधीची?" मी ऐटीत सांगितलं, सत्तावन्नची. म्हणाली, "हं, मग तुझं बिजागर आतलं असेल." आमचंही मंडळच झालंय म्हणा, फक्त घरी परत जायचं कुणाला ठाऊक नाही.

वाईट बातमी शेवटी लिहितेय. टेबलावर डाग पडलाय, भाजल्याचा, नाण्याएवढा. माझ्याच हातून झालं, गरम पातेलं ठेवलं. मी लिंबू लावून पाहिलं, आणखी बिघडलं. माफ करा.

नोलीन


माल्डन
१६ जून २०२२

प्रिय नोलीन,

लिंबू! व्हॅल असती तर हसून लोळली असती. काही लावू नका आता. मी बघीन नंतर. टेबल आहे, पातेलं ठेवायलाच असतं, असं मी स्वतःला सांगतोय. अजून नीट पटलेलं नाही.

परवाच्या सुट्टीत तळ्याकाठी मेळावा झाला. मी पहिल्यांदाच बिनगाडीचा गेलो, हातात नुसती खुर्ची. प्रत्येकजण आपल्या दारातून हाक मारायचा, "डेस, ये, चहा घे." इतका चहा झाला की दुपारी मला उभं राहवेना. लोर्नानं चहाबरोबर भाजून आणलेले स्कोन-पाव नेहमीसारखे दगड. एका नव्या जोडप्यानं शेवाळी रंगाची एक छोटी गाडी आणली होती. चाकाच्या वरचा पत्रा कसा वाकवायचा ते त्यांना सगळे एकदम शिकवत होते आणि प्रत्येकजण वेगळं सांगत होता. बरं वाटलं. आणि घरी येऊन रिकामी शेड बघितली तेव्हा, खरं सांगतो, तेही बरंच वाटलं. का ते विचारू नका.

ऑक्टोबरमध्ये मोठा मेळावा आहे. सत्तावन्नच्या गाड्यांचा मान आहे यंदा आणि मेबलचं नाव सगळ्यांत आधी घेतलंय. तोवर तुमचं घर उभं राहील ना? घाई नाही. नुसतं विचारतोय.

स्टॅन दरवर्षीसारखा इथल्या जून-जुलैच्या थंडीतून पळून वर क्वीन्सलँडच्या उन्हाला चाललाय. जाताना तुमच्याकडे डोकावेल.

डेस


माल्डन
२२ जुलै २०२२

नोलीन,

स्टॅन येऊन गेला. तुम्ही घरात काम करत होता, त्यानं हाक मारली ती तुम्हाला ऐकू गेली नाही. बर्नी मेबलच्या पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. दोरीवर त्याचे शर्ट होते. पाहुणा म्हणून आलेल्याचे नव्हते, रोजच्या वापरातले होते. म्हणजे मार्चपासून तुम्ही मला खोटं लिहीत आहात आणि टेबलावर पातेलं कुणी ठेवलं नव्हतं.

तेही मी गिळलं असतं. पण स्टॅननं फोटो पाठवलाय. मागच्या भिंतीला भोक आहे. करवतीनं कापलेलं, वेडंवाकडं, वर प्लास्टिक ठोकलेलं. खिळ्यांनी ठोकलेलं.

ती भिंत कुणी केली ते मी तुम्हाला लिहिलं होतं.

सप्टेंबरअखेर मी येऊन मेबल घेऊन जाईन. तुमची दुसरी सोय लोर्ना बघेल.

डेस प्रिचर्ड


कूलामी
३० जुलै २०२२

डेस,

घेऊन जा. आजच ये. अख्खं आडनाव घालून सही करायची गरज नव्हती, तू कोण आहेस ते मला माहीत आहे.

हो, खोटं लिहिलं. बर्नी पहिल्या दिवसापासून इथेच आहे. तुला तो आवडत नाही हे आमच्या सगळ्या नातलगांना माहीत आहे. मला वाटलं, त्याचं नाव काढलं तर गाडी परत नेशील. आणि त्याआधी आम्ही शाळेच्या फरशीवर झोपत होतो; स्टॅन आला तेव्हा बर्नी तिथेच होता. टेबलावर सिगारेट त्यानंच ठेवली. ठेवली आणि विसरला. तो आता असाच विसरतो.

तुला बिस्किटाचं टेबल आठवतंय. तो बर्नी इथे नाहीये. त्या दिवशी आम्ही दोघं छतावर बसलो होतो. पावसात, अख्खा दिवस. शेवटी कुणीतरी अनोळखी पोरगेलासा माणूस टिनाची होडी घेऊन आला. मी खाली उतरले, आणि बर्नी उतरेना. दोघांनी ओढून उतरवला. तेव्हापासून तो घरात पाऊल ठेवत नाही. दारापर्यंत येतो आणि परत फिरतो. मी भिंती उचकटते आणि तो पायरीवर बसतो. शेजारीपाजारी म्हणतात, "नोल, नवऱ्याला जरा हलव की." मी हसते. डेस, हसून हसून माझा जबडा दुखतो.

त्याला झोप नव्हती. पलंगावर पडला की उठायचा, दार उघडून मागे ओढ्याकडे जाऊन बघून यायचा. पडायचा, उठायचा. दार उघडलं की मी जागी. असं दोन महिने. मग मे महिन्यात एक दिवस मी घरातून आले तर हा करवत घेऊन गादीवर गुडघे टेकून बसलेला, आणि भिंतीतून उजेड येतोय. मी ओरडले. खूप ओरडले. ती भिंत व्हॅलची आहे हेही ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "आता इथूनच दिसतं." बस, एवढंच.

त्या रात्री तो उठला नाही. मान वर करून बघायचा आणि परत पडायचा. मीही झोपले. मग मी वर प्लास्टिक ठोकलं. खिळे माझे आहेत.

तुला लिहायचं होतं. काय लिहू? लिंबू लावलं म्हणून?

मला कुणाशी भांडायची ताकद नाही. तू ये, गाडी घेऊन जा. फक्त आधी कळव, म्हणजे मी अंथरूण काढून ठेवीन.

नोलीन


माल्डन
१२ सप्टेंबर २०२२

नोलीन,

काल घरी पोचलो. पाठ धरलीय.

मी न कळवता आलो ते मुद्दाम. कळवलं असतं तर तू झाडून पुसून ठेवलं असतंस आणि मला काहीच दिसलं नसतं. निघताना तू मला विचारलंस, "तुम्ही दोघं त्या दिवशी आत काय बोललात?" आणि मी म्हटलं, खिडकीच्या मापाबद्दल. ते खरंच आहे. पण तुला पूर्ण सांगायला हवं.

तू घरात होतीस. मी आत शिरलो तर बर्नी पलंगावर बसलेला. मला बघून उठला नाही. म्हणाला, "आलास. बस. टेबलावर मी बसत नाही, काळजी करू नकोस." वाटेत दोन दिवस मी काय काय बोलायचं ते घोकलं होतं. त्यातलं एकही आठवेना. मी ते भोक बघत उभा. मग तो म्हणाला, "करवत बोथट होती. नाहीतर सरळ कापलं असतं."

मी म्हटलं, "बर्नी, ही भिंत करायला आम्हाला—"

तो म्हणाला, "माहीत आहे. नोलनं सांगितलं. ओरडून सांगितलं." मग म्हणाला, "पाणी मागून आलं, डेस. आम्ही पुढच्या दाराला पोती लावून तिकडेच बघत बसलो होतो. नदी तर पुढे आहे ना. आणि ते मागून आलं, ओढ्यातून. मी स्वयंपाकघरात वळलो तर फ्रिज तरंगत होता. पाठ केली की मला आता तेच वाटतं."

मी त्याच्या शेजारी बसलो. त्या भोकातून मलाही ओढा दिसला. उथळ होता, त्यात एक बगळा उभा होता. मी त्याला विचारलं, "आणखी खाली हवी का रे? आडवं पडल्यावर दिसायला?" तो म्हणाला, "चार बोटं खाली." मग आम्ही माप घेतलं.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. ती खिडकी मी बरोबरच नेली होती. तुझं पत्र मी लोर्नाला वाचून दाखवलं, चीड होती म्हणून, तिनं माझी बाजू घ्यावी म्हणून. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आत माणूस राहत असेल तर खिडकी लागणारच की. तू काय बघत बसलायस?" दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं मोडीतल्या गाडीची एक जुनी खिडकी आणून दिली, चौकटीसकट. कुणी रबराची पट्टी दिली, कुणी पितळी स्क्रू. मला कुणी काही विचारलंच नाही. गाडीत सामान भरून मला वाटेला लावलं. तरीही अर्ध्या वाटेपर्यंत मी ठरवत होतो, खिडकी लावायची की मेबलच घेऊन यायची.

बर्नीनं चौकट धरली, मी स्क्रू पिळले. शेवटच्या स्क्रूपर्यंत त्यानं ती सोडली नाही. पॉलिशचा एक थर तोच देणार म्हणाला. बरा जमणार नाही. देऊ दे.

ऑक्टोबरला मेबल येत नाही असं मी कळवून टाकलंय. तुम्हाला लागेल तोवर ठेवा.

आणि मी तुला शेडबद्दल लिहिलं होतं. व्हॅल गेल्यापासून मी मेबलमध्ये एकदाही झोपलो नव्हतो. मेळाव्याला न्यायचो, लोकांना दाखवायचो आणि आपण बाहेर तंबूत. गाडी दिली तेव्हा सगळे मला मोठ्या मनाचा म्हणाले. मला ती डोळ्यांसमोर नको होती, एवढंच.

डेस


कूलामी
२० जानेवारी २०२३

प्रिय डेस,

घर सोडतोय.

नवे पत्रे लागले होते, वायरी झाल्या होत्या, मी रंग देत होते. पुढची खोली निम्मी झाली. ब्रश बुडवला आणि हात वर जाईना. दुखत नव्हता, नुसता जाईना. मी फरशीवर बसले आणि रंग ठिबकत राहिला. किती वेळ बसले कोण जाणे. मग दारात कुणीतरी उभं होतं. बर्नी. मला वाटलं आता परत फिरेल. तो आत आला. चपलांसकट, ओल्या रंगावरून, अख्ख्या खोलीतून चालत माझ्यापर्यंत आला आणि ब्रश काढून घेतला.

"नोल, बस कर," म्हणाला.

मी म्हटलं, "थोडंच राहिलंय रे."

"पुन्हा येईल पाणी. तुलाही माहीत आहे. मी इथे झोपणार नाही आणि तू मला टाकून इथे झोपणार नाहीस. मग हे कुणासाठी रंगवतेस?"

मी डब्याचं झाकण लावलं. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून टोस्ट खाल्ले.

टेकडीवर शाळेच्या मागे एक छोटं घर भाड्यानं मिळतंय. दोन खोल्या. तिथे नदीही दिसत नाही आणि ओढाही. बर्नी स्वतः जाऊन बघून आला. फेब्रुवारीत जाऊ. तेव्हा स्टॅनला पाठव, मेबलला घेऊन जाऊ दे. मी तिला आतून पुसून ठेवते. टेबलाचा डाग आहे तसाच आहे.

मैदानावरच्या गाड्याही एकेक करून निघाल्यात. त्रेपन्नवाली परवा गेली, तिच्या लेकीकडे. जाताना दाराचा फुगवटा दाखवायला मला मुद्दाम बोलावून घेतलं, बघ, बसला म्हणाली.

नोलीन


माल्डन
६ मार्च २०२३

प्रिय नोलीन,

हे तिसरं पत्र. मेबल पोचली तेव्हा एक लिहिलं, मग पंधरवड्यानं दुसरं. तुझा शब्द नाही. नव्या घरचा फोन नंबर तू लिहिला नाहीस. लोर्ना म्हणते मीच काहीतरी बोललो असणार. आठवून बघतोय. टेबलाबद्दल लिहिलं ते थट्टेनं होतं. डाग मी घासलेला नाही आणि घासणारही नाही, हेही लिहायला हवं होतं का?

ईस्टरला मेबलला मेळाव्याला नेतोय. तंबू घेत नाहीये. शेडमध्येच एक रात्र आत झोपून पाहिलं. सकाळी उजेड सरळ तोंडावर येतो, पडदा लावावा लागेल. तशी झोप बरी लागली.

रागावली असशील तर तसं लिही. चार शिव्या लिही. पण लिही.

डेस


टेकडी, कूलामी
१४ मार्च २०२३

डेस,

बर्नी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर लोर्नाकडून वाचून घे.

ती रागावलेली नाही. ती झोपलीय.

या घरात आलो त्या दुपारी खोके तसेच ठेवून ती जरा आडवी झाली, ती अजून नीट उठलेली नाही. उठते, न्हाते, थोडं खाते, मला विचारते, "काही करायचं राहिलंय का?" मी म्हणतो, नाही. की पुन्हा जाऊन पडते. मी घाबरलो. डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं, रक्त नेलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आजार काही नाही. दमल्यात. किती दिवसांच्या दमल्यात?" मी काय सांगू? मी तर पायरीवर बसलो होतो.

तर आता मी आहे. खोके मीच उघडतोय. चॉप्स करपवतो, भात चिकट होतो, ती मुकाट्यानं खाते. कपडे धुतो. कुणी भेटायला आलं तर दारातूनच परत पाठवतो. शेजारीण म्हणाली, तिला जरा बाहेर काढा, हलवा. मी म्हटलं, बाई, तुम्ही जा.

परवा जोराचा पाऊस झाला. मी उठून बसलो. ती कूस बदलून म्हणाली, "बर्नी, बघू का मी जाऊन?" मी म्हटलं, "मी बघतो, तू झोप." पत्र्यावर पाऊस वाजत होता, पण ती घोरायला लागली तसं मला पावसाचं ऐकू येईनासं झालं. चांगली घोरते ती. वर्षभर घोरली नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

तुझी तिन्ही पत्रं तिच्या उशाशी ठेवलीत. फोडलेली नाहीत, हे शेवटचं तेवढं मी फोडलं. तिचं लिहिणं येईल तेव्हा येईल. तोवर मला लिही. मेळाव्यात काय झालं ते लिही, लांबलचक लिही. मला इथे काही काम नाही. आवाज न करता बसायचं, एवढंच आहे.

बर्नी